जुनी आर स्क्रिप्ट नव्या लॅपटॉपवर चालवली तर आकडे जुळत नाहीयेत, जुनी पॅकेजेस कशी टाकायची?

कापूस_डेटा

नमस्कार मंडळी. कापूस उत्पादकतेच्या एका प्रोजेक्टवर रिसर्च असिस्टंट म्हणून लागलोय. माझ्या आधी जे सीनियर इथे होते त्यांनी २०१९ च्या सुरुवातीला गावनिहाय सर्व्हेवर सगळं विश्लेषण आरमध्ये (R, आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा) करून ठेवलंय, आता पेपर रिव्ह्यूत आहे आणि रिव्ह्यूअरने एक जादा टेबल मागितलंय. टेबल करायला हरकत नाही पण आधी जुनी टेबलं तरी तशीच्या तशी आली पाहिजेत ना, तिथेच घोडं अडलंय. स्क्रिप्ट तीच, सीएसव्ही तीच, वर सेट सीड १२३ (रँडम आकडे दर वेळी तेच यावेत म्हणून) पण आहे, तरी कोएफिशियंट वेगळे येतायत आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल तर बरेच सरकलेत.

स्क्रिप्टमध्ये साधारण असं आहे की डीप्लायर पॅकेजने डेटाची साफसफाई, मग सॅम्पल फंक्शन वापरून रँडम सत्तर-तीस असे भाग, सत्तर टक्क्यांवर एलएमई४ पॅकेजचं एलमर (मिक्स्ड इफेक्ट) मॉडेल, मग गावं परत परत सॅम्पल करून बूटस्ट्रॅप, आणि शेवटी आरजीडाल या नकाशाच्या पॅकेजने जिल्ह्यांचा नकाशा. सीनियरच्या रिपोर्टच्या परिशिष्टात एवढंच सापडलं: आर ३.५.२, डीप्लायर ०.७.८, एलएमई४ १.१-१९. बाकी पॅकेजेसचा पत्ता नाही. माझ्याकडे विंडोज आणि आर ४.४ आहे.

रिमोट्स पॅकेजच्या इन्स्टॉल व्हर्जन फंक्शनने डीप्लायर ०.७.८ टाकायला गेलो तर ते बाकीच्या सगळ्या डिपेंडन्सी (त्याला लागणारी इतर पॅकेजेस) लेटेस्ट घेतं आणि मग कम्पाईल होताना लाल अक्षरांची रांग लागते, शेवटी नॉन-झिरो एक्झिट स्टेटस. एकेक करून सगळ्यांची जुनी व्हर्जन शोधत बसायचं का? आरजीडाल तर मिळतच नाहीये. सरांना म्हटलं तर म्हणतात लेटेस्ट टाक की सगळं 😅

डब्बाबंद

भावा डॉकर घे, त्यात आर वगैरे सगळं एका बंद डब्यात (इमेजमध्ये) मिळतं, आणि मोकळा हो. रॉकर प्रोजेक्टची आर-व्हर ३.५.२ ची इमेज आहे, ती खेच, स्क्रिप्ट आत टाक, रन कर. लॅपटॉपवर काय आहे काय नाही याचा प्रश्नच उरत नाही. पॅकेजचे व्हर्जन शोधत बसण्यात आयुष्य घालवू नकोस.

बायोस्टॅट_ताई

थांब, काहीही टाकायच्या आधी एक गोष्ट करून बघ. आता आहे त्याच आर ४.४ मध्ये सेट सीड १२३ दे आणि सॅम्पल १ ते १० चालव. ३ १० २ ८ ६ ९ १ ७ ५ ४ असं येईल. हेच आर ३.५ मध्ये केलं असतंस तर ३ ८ ४ ७ ६ १ १० ९ २ ५ आलं असतं. सीड तोच, क्रम वेगळा. यात डीप्लायरचा काही संबंध नाही, एलएमई४ चाही नाही, हे आरमध्येच बदललंय.

एप्रिल २०१९ मध्ये आर ३.६.० आलं तेव्हा सॅम्पलची आतली पद्धत बदलली. आधी रँडम आकडा घेऊन गुणून राउंड करायचे, त्यात पॉप्युलेशन खूप मोठं असेल तर काही आकडे किंचित जास्त वेळा यायचे, म्हणून रिजेक्शन नावाची पद्धत डिफॉल्ट केली. गंमत म्हणजे आरनॉर्म (नॉर्मल वितरणाचे रँडम आकडे देणारं फंक्शन) बदललं नाही, सीड १२३ ने पहिला आकडा आधीही उणे ०.५६०४७५६ होता आणि आताही तोच आहे, त्यामुळे लोक आरनॉर्मने तपासतात, म्हणतात सीड तर बरोबर चालतोय, आणि मग दिवसभर पॅकेजेसना शिव्या देत बसतात.

तुझ्या स्क्रिप्टमध्ये सत्तर-तीस पण सॅम्पलने आणि बूटस्ट्रॅप पण सॅम्पलने, म्हणजे मॉडेलमध्ये जाणारी गावंच वेगळी होती, आकडे जुळणार कुठून. स्क्रिप्टच्या वर, सेट सीडच्या आधी, आरएनजीव्हर्जन फंक्शनला कोट्समध्ये ३.५.२ दे. एक वॉर्निंग येईल की नॉन-युनिफॉर्म राउंडिंग सॅम्पलर वापरतोय, ती येणारच, घाबरू नकोस. हे करून काय जुळतं ते सांग, मग पॅकेजेसकडे बघू.

कापूस_डेटा

ताई हात जोडले 🙏 सॅम्पलचा क्रम तुम्ही दिलेला दुसरा वाला आला आणि फिक्स्ड इफेक्टचे कोएफिशियंट रिपोर्टमध्ये दिलेत तितक्या दशांशापर्यंत जुळले. इंटरव्हल पण जवळजवळ तेच. पण रँडम इफेक्टच्या व्हेरिअन्समध्ये चौथ्या दशांशाला फरक आहे अजून. आणि एक एरर पण येतेय, एके ठिकाणी सीनियरने सिंचनाच्या प्रकाराच्या कॉलमवर अॅज न्यूमेरिक लावलंय तिथे आता सगळे एनए (रिकाम्या किमती) येतायत, ती ओळ मी सध्या हाताने बदललीय.

@डब्बाबंद डॉकर ऑफिसच्या मशीनवर टाकता येत नाही, अॅडमिन पासवर्ड नाही.

बायोस्टॅट_ताई

एनए येतायत ते आर ४.० मुळे. एप्रिल २०२० पासून रीड सीएसव्ही अक्षरांच्या कॉलमला आपोआप फॅक्टर करत नाही, आधी करायचं. फॅक्टरवर अॅज न्यूमेरिक लावलं की त्याचे आतले कोड मिळायचे, १, २, ३ असे, आता ती नुसती अक्षरं आहेत मग आकडा कुठून येणार. हाताने बदलू नकोस, रीड सीएसव्हीमध्ये स्ट्रिंग्ज अॅज फॅक्टर्स ट्रू दे म्हणजे सीनियरला जे कोड मिळाले होते तेच मिळतील. फॅक्टरचे लेव्हल अक्षरानुक्रमे लागतात, तू हाताने कोड दिलेस तर ठिबक १ झालं की पाट १ झालं याची खात्री कोण देणार.

व्हेरिअन्सचा फरक मात्र खरंच पॅकेजचा दिसतोय. एलएमई४ मध्ये १.१-२० ला, म्हणजे फेब्रुवारी २०१९ ला, एलमरचा डिफॉल्ट ऑप्टिमायझर (मॉडेलचं उत्तर शोधणारी पद्धत) बदलला, आधी बॉबिका होता, नंतर एनएलऑप्टरॅप झाला. उत्तर तेच शोधतात दोघं पण थांबतात थोडं वेगळ्या जागी, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दशांशाला असं होतं. एलमरकंट्रोलमध्ये ऑप्टिमायझर बॉबिका देऊन बघ. जुळलं तर जुनं एलएमई४ टाकायची गरजच नाही.

जुना_आरवाला

ताईंनी बरोबर सांगितलंय, पण रिव्ह्यूअरला "आम्ही जुनी टेबलं जशीच्या तशी काढून दाखवली" म्हणायचं असेल तर एकदा खरं जुनं वातावरण उभं केलेलं बरं, नाहीतर उद्या अजून एखादी गोष्ट निघेल आणि तिला अजून एक ठिगळ लावावं लागेल. आणि ते वाटतं तितकं अवघड नाही, फक्त पॅकेज-पॅकेज करत जाऊ नकोस. तारखेने जा.

तुझ्याकडे तीनच व्हर्जन आहेत म्हणतोस पण ती पुरेशी आहेत. आर ३.५.२ आलं २० डिसेंबर २०१८ ला. डीप्लायर ०.७.८ नोव्हेंबर २०१८ चं आणि ०.८.० आलं फेब्रुवारी २०१९ च्या मध्यात. एलएमई४ १.१-१९ पण नोव्हेंबर २०१८ चं आणि १.१-२० फेब्रुवारी २०१९ च्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे तुझ्या सीनियरची लायब्ररी डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर यामधली आहे. १५ जानेवारी २०१९ धर. त्या दिवशी क्रॅनवर (आर पॅकेजेसचं मुख्य भांडार) जे जे होतं ते सगळं एकमेकांशी जुळणारं होतं, कारण क्रॅन तसंच चालतं, नवीन व्हर्जन आलं की त्यावर अवलंबून असलेली पॅकेजेस मोडत नाहीत ना ते तपासूनच आत घेतात. जुन्या एकाच पॅकेजला नव्या गर्दीत आणून बसवलं की ही हमी गेली, तुझी ती लाल रांग तिथूनच येते. इन्स्टॉल व्हर्जन फक्त तू नाव दिलेलं पॅकेज जुनं देतं, बाकीचं आजचं.

त्या तारखेचं क्रॅन मिळतं कुठे तर पॉझिट पब्लिक पॅकेज मॅनेजर या साइटवर. रिपॉझिटरीच्या पत्त्यात शेवटी लेटेस्ट असतं तिथे २०१९-०१-१५ टाकायचं, बस. ऑप्शन्समध्ये रेपोज म्हणून तो पत्ता दिला की साधं इन्स्टॉल पॅकेजेस चालवलं तरी त्या दिवसाची व्हर्जन येतात, डिपेंडन्सीसकट. ऑक्टोबर २०१७ पासूनच्या तारखा आहेत तिथे. त्याआधीचं काही हवं असेल तर पंचाईत आहे, क्रॅनच्या आर्काइव्ह फोल्डरमधून एकेक सोर्स फाइल उचलावी लागते. पूर्वी मायक्रोसॉफ्टचं एमरॅन होतं, सप्टेंबर २०१४ पासूनचे रोजचे स्नॅपशॉट होते, १ जुलै २०२३ ला बंद केलं त्यांनी. कितीतरी पेपरांच्या सप्लिमेंटमध्ये अजून तेच पत्ते छापलेले आहेत आणि आता उघडत नाहीत, एमरॅनवरून पॅकेजेस आणणाऱ्या चेकपॉइंट पॅकेजवर विसंबलेल्या स्क्रिप्ट पण तशाच लटकल्या.

विंडोजवर करायचं असं: क्रॅनवर जुन्या रिलीजच्या पानावर आर ३.५.२ मिळतं, ते आर ४.४ च्या शेजारी खुशाल टाक, एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, लायब्ररीचं फोल्डर पण प्रत्येकाचं वेगळं असतं, ३.५ चं वेगळं ४.४ चं वेगळं. इन्स्टॉलर अॅडमिन नसला तरी स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकू देतो. सोर्सवरून कम्पाईल करावं लागणार हे धरून चाल, त्यासाठी आरटूल्स ३५ (कम्पाईल करायची साधनं) टाक, ४.४ वालं आरटूल्स ३.५ ला चालत नाही. आणि हो, आताच्या आरस्टुडिओला किमान आर ३.६.० लागतं, त्यामुळे ३.५.२ सोबत येणारी साधी खिडकी, आरगुईच उघड. दिसायला जुनाट आहे पण स्क्रिप्ट चालवायची आहे, प्रदर्शन थोडीच भरवायचंय.

आरजीडालच्या मागे लागू नकोस. आरजीडाल, आरजिऑस, मॅपटूल्स तिन्ही ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली. नकाशात कुठला आकडा मोजला जात नाही, तो नव्या आरमध्ये एसएफ पॅकेजने काढ. जे आकडे पेपरात आहेत तेवढंच जुन्यात चालव, बाकी सगळं नव्यात.

डब्बाबंद

एवढा उद्योग करण्यापेक्षा डॉकर खरंच सोपं आहे हो. अॅडमिन नाही तर घरच्या लॅपटॉपवर कर.

जुना_आरवाला

डॉकरला विरोध नाही पण ३.५.२ च्या इमेजमध्ये दोन खड्डे आहेत ते सांगून ठेवतो. त्या काळातल्या इमेजमध्ये रिपॉझिटरी म्हणून एमरॅनचा पत्ता लिहून ठेवलाय, जो आता मेलाय, त्यामुळे आत गेल्यावर इन्स्टॉल पॅकेजेस केलं की एरर. आणि खाली डेबियन स्ट्रेच ही जुनी लिनक्स आहे, ते पण आर्काइव्हमध्ये गेलंय, अॅप्ट अपडेट अडतं. दोन्ही पत्ते बदलले की चालतं, पण "इमेज खेच आणि मोकळा हो" इतकं सरळ नाही. तारीख लावलेला रेपो आत पण द्यावाच लागतो, म्हणजे मुद्दा परत तिथेच आला.

डब्बाबंद

एमरॅनचं मान्य. मी ४.१ च्या पुढच्याच इमेज वापरल्यात, तिथे हे लागलं नाही. तरी सर्व्हरवर रोजचं काम असेल तर मी डॉकरच म्हणेन, कारण आर सोडून जे काही असतं, सिस्टीम लायब्ररी, जीडाल, लोकेल (भाषेचं सेटिंग), ते बाकी कशात गोठत नाही.

एमएस्सी_पार्ट२

मध्येच घुसतोय सॉरी पण माझं पण तसंच काहीसं आहे. लॅबच्या मशीनवर आर ४.२ आहे, अपडेट करू देत नाहीत. एलएमई४ टाकायला गेलो तर म्हणतं त्याला लागणारं मॅट्रिक्स पॅकेज या आर व्हर्जनसाठी अव्हेलेबल नाही. आणि एका मित्राकडे मॅट्रिक्स टाकलं गेलं पण एलमर चालवलं की कोलमॉड काहीतरी फंक्शन मॅट्रिक्सने दिलं नाही अशी एरर. हे तारखेवालं मला चालेल का?

बायोस्टॅट_ताई

चालेल. मॅट्रिक्स १.७-० पासून आर ४.४ लागतं, म्हणून तुला ते मिळत नाही. रेपोची तारीख फेब्रुवारी २०२४ ची दे, तेव्हा मॅट्रिक्स १.६-५ होतं जे जुन्या आरवर चालतं, एलएमई४ पण त्याच्याशी जुळणारं येईल. मित्राची भानगड वेगळी, त्याचं एलएमई४ एका मॅट्रिक्सवर कम्पाईल झालेलं आणि मशीनवर मॅट्रिक्स दुसरं. एलएमई४ काढून सोर्सवरून परत टाकायला सांग, टाईप सोर्स देऊन, म्हणजे समोर असलेल्या मॅट्रिक्सशी जुळवून बनेल.

कापूस_डेटा

अपडेट: बॉबिका दिलं, व्हेरिअन्स जुळला. म्हणजे आर ४.४ मध्येच तीन ओळी बदलून सगळं आलं. पण सरांनी जुना_आरवाला यांचं वाचलं आणि म्हणाले ते पण कर, त्यामुळे ३.५.२ शेजारी टाकलं, १५ जानेवारीचा रेपो लावला, कम्पाईल व्हायला वेळ लागला पण एकही लाल ओळ नाही. डीप्लायर ०.७.८ आणि एलएमई४ १.१-१९ आपोआप आले, मी व्हर्जन कुठेच लिहिलं नव्हतं. टेबलं तंतोतंत.

एक विचित्र झालं, जुन्या आरमध्ये तालुक्यांची मराठी नावं कन्सोलवर यू प्लस आणि पुढे कोड अशी दिसतायत, त्याने आकड्यांवर काही परिणाम?

आणि आता नवीन टेबल कुठे करू, जुन्यात की नव्यात? पुढच्या माणसावर ही वेळ येऊ नये म्हणून काय करून ठेवू?

जुना_आरवाला

मराठी नावांचं ते विंडोजवरच्या जुन्या आरचं दुखणं, आर ४.२ पासून विंडोजवर यूटीएफ-८ (सगळ्या लिपी चालणारं एन्कोडिंग) आलं तेव्हा सुटलं. नुसतं दिसायला तसं असेल तर परिणाम नाही, पण नावांवर जॉइन करत असशील तर ओळींची संख्या दोन्हीकडे तीच आहे ना तेवढं बघ.

नवीन टेबल नव्यात कर, पण ताईंच्या त्या तीन ओळी ठेवून, आणि पेपरात दोन्ही लिही, की मूळ विश्लेषण ३.५.२ वर, जादा टेबल ४.४ वर, सॅम्पलिंगची पद्धत जुनीच ठेवली. रिव्ह्यूअरला यात काही वावगं वाटणार नाही, उलट बरं वाटेल.

नव्या प्रोजेक्टला आरएन्व्ह पॅकेज वापर. सुरुवातीला इनिट, काम झालं की स्नॅपशॉट, मग आरएन्व्ह डॉट लॉक नावाची एक फाइल बनते, तीत प्रत्येक पॅकेजचं व्हर्जन आणि ते कुठून आणलं ते लिहिलेलं असतं. दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर म्हटलं की तीच व्हर्जन. लोक एक गोष्ट विसरतात, लॉक फाइलमध्ये आरचं व्हर्जन नुसतं लिहिलेलं असतं, आरएन्व्ह ते आर टाकून देत नाही. तुझ्या या प्रकरणात आरएन्व्ह असतं आणि कोणी ते आर ४.४ वर रिस्टोअर केलं असतं तर पॅकेजेस आली काय न आली काय, सॅम्पलने घोळ घातलाच असता. आरची वेगवेगळी व्हर्जन टाकायला-बदलायला रिग नावाचं टूल आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, ते बघून ठेव.

अजून एक, नव्या स्क्रिप्टमध्ये सॅम्पलच्या आधी डेटा कशावर तरी सॉर्ट करत असशील तर गावाच्या नावावर करू नकोस, आकडी आयडीवर कर. आमच्याकडे २०२१ ची एक स्क्रिप्ट होती डीप्लायर १.० वरची, आर तेच ठेवून फक्त डीप्लायर वाढवलं आणि निवडलेली घरं बदलली. जानेवारी २०२३ मध्ये १.१.० आलं त्यात अरेंज (सॉर्ट करणारं फंक्शन) अक्षरं सी लोकेलने लावायला लागलं, म्हणजे सगळी कॅपिटल आधी आणि मग स्मॉल, त्याआधी मशीनच्या लोकेलप्रमाणे लावायचं. आमच्या फाइलमध्ये अर्धी गावं स्मॉलमध्ये टाईप केलेली, त्यामुळे ओळींचा क्रम बदलला, सीड तोच राहिला आणि पाचव्या ओळीला दुसरंच घर बसलेलं. डीप्लायर डॉट लेगसी लोकेल असा ऑप्शन आहे जुन्यासारखं करायला, तो लावून सुटलं. शोधायला मात्र जीव गेला, कारण कुठे एरर नाही की वॉर्निंग नाही.

पायथॉनकर

हे सगळं वाचून आमच्या पायथॉनमधल्या पिप फ्रीझचं (पॅकेजेसची व्हर्जन-यादी) एवढं वाईट वाटत नाही आता 😄

बायोस्टॅट_ताई

पिप फ्रीझमध्ये पायथॉनचं व्हर्जन तरी येतं का रे? नाही ना, मग झालं.

@कापूस_डेटा लॉक फाइल गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या ठेवणारं टूल) टाक, पण आरएन्व्हच्या आतलं लायब्ररी फोल्डर टाकू नकोस, ते तो स्वतःच गिटइग्नोर करतो, काढू नकोस तिथून. गिट वापरत नसाल तर निदान प्रत्येक रनच्या शेवटी सेशन इन्फो (आर आणि पॅकेजेसची व्हर्जन) एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ती निकालाच्याच फोल्डरमध्ये ठेव. सीनियरने तीन व्हर्जन लिहिली होती म्हणून तारीख काढता आली, बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये "विश्लेषण आरमध्ये केले" एवढंच असतं.

कापूस_डेटा

सेशन इन्फोची ओळ सगळ्या स्क्रिप्टच्या शेवटी टाकली. ३.५.२ चं लायब्ररी फोल्डर झिप करून ऑफिसच्या ड्राइव्हवर ठेवलं तर चालेल ना, परत कम्पाईल करायला नको म्हणून?

जुना_आरवाला

विंडोजवरून विंडोजवर आणि आर ३.५ च असेल तर चालेल. झिपच्या शेजारी आरचा इन्स्टॉलर पण ठेव.